काचेवरची तारीख

"आई, माझ्या टिकलीला रेघ आली."

मिहिकाने हे तीनदा सांगितलं तेव्हा कुठे मी कणकेचे हात तसेच घेऊन आतल्या खोलीत गेले. मार्गशीर्षातला गुरुवार होता, सकाळचे साडेआठ वाजले असतील. वरच्या मजल्यांवर पूजेच्या घंटा वाजत होत्या आणि जिन्यात पेढ्यांची ताटं घेऊन माणसं वरखाली करत होती. पेढे पूजेचे नव्हते. आदल्या दिवशी अधिवेशनात विधेयक मंजूर झालं होतं. आमच्या रेवती अपार्टमेंटचे वरचे तीन मजले कोर्टाने जानेवारीअखेर पाडायला सांगितले होते. ते आता पडणार नव्हते.

मिहिका तेव्हा साडेतीन वर्षांची होती. तिचा छोटा पलंग खोलीच्या कोपऱ्यात, खांबाला लागून होता. तिच्या उशीच्या वर हातभर अंतरावर त्या खांबाला एक भेग होती, आणि भेगेवर आडवी बसवलेली एक काचेची पट्टी. माझ्या बोटाएवढी लांब, दोन्ही टोकांना पांढऱ्या प्लॅस्टरच्या गोळ्यांनी चिकटवलेली. मधोमध मिहिकाने माझी लाल टिकली लावून ठेवली होती.

रेघ टिकलीच्या खालून शिरून वरून बाहेर पडली होती. मी नखाने चाचपून पाहिलं. काच आरपार तडकली होती.

ती पट्टी लावली होती चौबळकाकांनी. आमच्या वरच, तिसऱ्या मजल्यावर राहायचे. पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होते, सगळा जन्म धरणांच्या भिंतींपाशी गेलेला. मे महिन्यात मी त्यांना खाली बोलावून भेग दाखवली, तर ते वर जाऊन एक पुठ्ठ्याचा खोका घेऊन आले. प्लॅस्टर कालवता कालवता म्हणाले, "भेग नुसती दिसते, केतकी. ती थांबलीय की सरकतेय, ते डोळ्याला कळत नाही. काचेला कळतं. काच ताणत नाही, वाकत नाही. भेग केसभर सरकली की फुटते."

मग त्यांनी पेन माझ्या हातात दिलं आणि काचेवर तारीख मलाच लिहायला लावली. माझं घर, म्हणून माझं अक्षर. मी लिहिली, अठरा मे. जाताना वर्तमानपत्रात गुंडाळलेली आणखी एक पट्टी त्यांनी टेबलावर ठेवली आणि प्लॅस्टरची उरलेली पुडी दिली. "ही फुटली तर काढायची नाही. तिच्या शेजारी दुसरी लावायची आणि तिच्यावर त्या दिवसाची तारीख घालायची. तारीख खोटी पडली की मग ती नुसती काच."

जुलैत ते बघायला आले तेव्हा टिकली पाहून बराच वेळ हसत होते. "काचेला सवाष्ण केलीस का गं?" असं मिहिकाला विचारलं. मी टिकली काढायला गेले तर म्हणाले, राहू दे, तिची काही अडचण नाही.

हेच चौबळकाका कोर्टात गेले होते. आमच्या इमारतीला परवानगी तळमजला अधिक तीन मजल्यांची. बिल्डरने सहा बांधले आणि मुलीचं नाव इमारतीला देऊन निघून गेला. काकांनी माहिती अधिकारात मंजूर नकाशा काढला, चार वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, आणि ऑगस्टमध्ये निकाल लागला की वरचे तीन मजले बेकायदेशीर, पाडा. एकेका मजल्यावर चार बिऱ्हाडं, म्हणजे बारा घरं. त्या दिवसापासून काकांशी कुणी बोलेनासं झालं. गौरीच्या हळदीकुंकवाला बायका दुसऱ्या मजल्यावरून थेट चौथ्यावर जात. मीही त्यांच्यातच असायची. काकूंच्या दारासमोरून जाताना पदर सारखा करायचं निमित्त करून मी खाली बघत असे.

आणि त्या बारा घरांत एक घर दीपालीचं होतं.

दीपाली घोलप पाचव्या मजल्यावर राहायची. तिचा नवरा एसटीच्या डेपोत मेकॅनिक, घरात सासूबाई, आणि तन्वी मिहिकापेक्षा सहा महिन्यांनी मोठी. आदल्या वर्षी मिहिकाला तापात आकडी आली होती. मी नुसती दारात उभी राहून ओरडत होते. दीपालीने पोरीला माझ्या हातातून घेतलं, एका कुशीवर धरलं आणि अनवाणी रिक्षापर्यंत धावली. तिच्या टाचेला काच लागली होती, ते आम्हाला दवाखान्याच्या फरशीवरचं रक्त बघून कळलं. असं माणूस.

त्या गुरुवारी मी अजून त्या रेघेकडे बघतच होते, तेवढ्यात तिचाच आवाज आला. मी मिहिकाचा एक फ्रॉक खांबाच्या खिळ्याला अडकवला. काच झाकली गेली. असं का केलं, ते तेव्हा माझं मलाही सांगता आलं नसतं.

दीपालीने मला पेढा भरवला. नवी साडी, केसांत शेवंती. ऑगस्टपासून तिचा चेहरा कसा ओढलेला असायचा. त्या दिवशी ती एकदम कॉलेजातल्या मुलीसारखी दिसत होती. संध्याकाळी हळदीकुंकवाला लवकर ये म्हणाली. सासूबाई चार महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवल्या, नवरा रात्री पोरीला कुशीत घेऊन रडला, असं सगळं सांगत बसली. मग एकदम थांबून तिसऱ्या मजल्याकडे बोट केलं.

"त्यांचं काय चाललंय? आहेत की गेले?"

"दार बंदच असतं," मी म्हटलं.

"मला एक सांग, केतकी. तू शिकलेली आहेस. परवानगी मोडली बिल्डरने, सही केली कुठल्या तरी साहेबाने, आणि घर मोडायचं माझं. हे एका तरी कोर्टाला दिसलं का? शेवटी कायदा करणाऱ्यांनाच दिसलं ना? मग ते चोर आणि कोर्ट साव, असं कसं?"

मी हाताला लागलेली कणीक चोळून काढत राहिले.

माझा नवरा प्रसन्न पहिल्या पाळीहून चारला आला. त्याला मी फ्रॉक बाजूला करून दाखवलं. त्याने रेघेवरून अंगठा फिरवला. विधेयकात एक अट होती, तेवढी पेपरात आली होती: जुनी बांधकामं नियमित करायची, पण इमारत भक्कम असल्याचा इंजिनिअरचा दाखला हवा. सोसायटीने घाईने मंगळवारीच पाहणी ठरवली होती. प्रसन्न म्हणाला, कोर्ट निदान वरचे तीनच मजले पाडत होतं. खांबच गेला म्हटलं तर सगळी इमारत रिकामी करतील. आपल्यासकट. मग हात धुऊन तो जेवायला बसला. सांगू नकोस असं काही तो म्हणाला नाही. पोळी वाढ म्हणाला.

मी वर गेले. सांगायचं ठरवूनच गेले होते, हे मी शपथेवर सांगू शकते.

चौबळकाकांच्या उंबऱ्यावर कुणीतरी एक पेढा ठेवला होता. अगदी मधोमध, रांगोळीचा ठिपका ठेवावा तसा. त्याला मुंग्या लागल्या होत्या. काकूंनी दार उघडलं, त्यांनी तो पाहिला, मी पाहिला, आणि मी त्याच्यावरून पाय उचलून आत गेले.

काका टेबलाशी बसले होते. त्यांच्या वकिलाने विधेयकाची प्रत पाठवली होती. त्यांनी मला बसवलं आणि बोट ठेवून वाचून दाखवलं. "कोणत्याही न्यायालयाच्या कोणत्याही न्यायनिर्णयात किंवा आदेशात काहीही अंतर्भूत असले तरी..." पुढची ओळ त्यांनी दोनदा वाचली. "अशी बांधकामे ही, जणू काही प्रारंभापासूनच विधिवत परवानगीने करण्यात आली होती असे मानण्यात येईल."

चष्मा काढून ते म्हणाले, "कायदा बदलायचा त्यांना अधिकार आहे, नाही कोण म्हणतो? उद्यापासून सहा मजले बांधा म्हणाले असते, मी गप्प बसलो असतो. कोर्ट चुकलं म्हणाले असते, तरी वरच्या कोर्टात भांडलो असतो. हे तसं काही म्हणतच नाहीत. हे म्हणतात, कोर्टाने जे पाहिलं ते तेव्हा तसं नव्हतंच. आठ वर्षांपूर्वीची परवानगी आज जन्माला घातली, आणि तारीख घातली आठ वर्षांपूर्वीची."

"मग आता काही करता येणार नाही?" मी विचारलं.

"एक दाखला तेवढा उरलाय." ते पुढे वाकले. आणि मग एकदम, आवाज खाली आणून म्हणाले, "काच फुटली का?"

मी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. तिथे आस होती. चार वर्षं हरत जिंकत आलेल्या, शेवटी एका ओळीने पुसून टाकलेल्या माणसाला एवढीच एक आस उरली होती, हे मला आज कळतं. त्या दिवशी मला एवढंच दिसलं की माझ्या मुलीच्या उशापाशी खांब सरकावा म्हणून हा माणूस वाट बघतोय. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"नाही," मी म्हटलं. "आहे तशीच आहे."

"बरं," ते म्हणाले आणि मागे टेकून बसले. काकूंनी माझ्या हातावर साखर ठेवली. निघताना मी पुन्हा त्या पेढ्यावरून पाय उचलला.

एकदा तसं म्हटलं की मग ते तसं असायलाच हवं होतं. शुक्रवारी दुपारी मिहिका झोपल्यावर मी सुरीने प्लॅस्टर खरवडलं. काच दोन तुकड्यांत हातात आली; टिकली एका तुकड्याला चिकटून राहिली. ते तुकडे मी मिहिकाच्या जुन्या दुधाच्या पावडरच्या डब्यात टाकले. काकांचंच प्लॅस्टर, काकांचीच दुसरी पट्टी. पेन घेतलं आणि लिहिलं, अठरा मे. कुणाची सही उठवायची नव्हती, कुणाचं वळण गिरवायचं नव्हतं. अक्षर माझंच होतं. प्लॅस्टर फार पांढरं दिसत होतं म्हणून त्यावर चहाच्या चोथ्याचा बोळा फिरवला. खाली पलंगावर मिहिका तोंड उघडं टाकून झोपली होती. प्लॅस्टरचे चार कण तिच्या केसांत पडले होते, ते मी एकेक करून वेचले.

मंगळवारी अकराच्या सुमाराला पाहणी आली. महापालिकेच्या पॅनेलवरचा एक तरुण इंजिनिअर, त्याच्या हातात छोटी हातोडी आणि वही. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी बोंद्रे, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. मागे वरच्या मजल्यांवरची पाच-सहा माणसं. आणि सगळ्यांत शेवटी चौबळकाका. त्यांना बघून बोंद्रे म्हणाले, या या, तुमच्याशिवाय कार्यक्रमाला शोभा नाही. लोक हसले. काका हसले नाहीत, पण आत आले.

दीपाली खोलीच्या दारात उभी होती, तन्वीला कडेवर घेऊन. इतकी मोठी पोर, पण तिने ती उतरवलीच नाही.

इंजिनिअरने खांबावर हातोडी वाजवली. कान लावला. मग त्याचं लक्ष पट्टीकडे गेलं. "हे कुणी लावलं?"

"आमच्या चौबळसाहेबांनी," बोंद्रे म्हणाले. "ज्यांनी केस केली त्यांनीच. स्वतःच्या हाताने. आणि बघा साहेब, मे महिन्यापासून शाबूत."

इंजिनिअरने काकांकडे आदराने पाहिलं. "तुम्ही खात्यातले का? आता कोण लावतं अशी पट्टी." वहीत लिहिता लिहिता त्याने मोठ्याने म्हटलं, अर्जदाराने बसवलेली काच, मे ते डिसेंबर, हालचाल नाही.

काकांनी खिशातून चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, डोळ्यांवर चढवला आणि पट्टीजवळ गेले. बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं प्लॅस्टर बघतायत. ते प्लॅस्टर बघत नव्हते. त्यांनी वाकून पलंगावर बसलेल्या मिहिकाला हळूच विचारलं, "तुझी टिकली कुठे गेली गं?"

टिकलीचं मी विसरले होते. पाव इंचाची टिकली, माझ्याच पाकिटातली. नवी काढून लावायला दोन सेकंद लागले नसते. तारीख आठवणीने घातली, प्लॅस्टर जुनं केलं, आणि टिकली विसरले.

"डब्यात," मिहिका म्हणाली. "आईने ठेवली."

बाकी कुणाला त्यात काहीच कळलं नाही. एक म्हातारा एका पोरीशी टिकलीबद्दल बोलत होता. इंजिनिअर वही मिटत होता. काका सरळ उभे राहिले आणि माझ्याकडे वळले. त्यांच्या डोळ्यांत ती परवाची आस राहिली नव्हती. भीती होती. माझ्यासाठी होती, की खांबासाठी, मला माहीत नाही.

"केतकी," ते म्हणाले, "या साहेबांना तुला काही सांगायचं आहे का?"

बोंद्रेंचा हसरा चेहरा जागच्या जागी थांबला. मी दाराकडे पाहिलं. दीपाली माझ्याकडेच बघत होती, तन्वीचा पाय तिने मुठीत घट्ट धरला होता. पायाखालच्या फरशा आम्ही लग्नाच्या दुसऱ्या वर्षी बसवून घेतल्या होत्या, त्याही दिसल्या. दीपालीसाठी गप्प राहिले असं मी पुढे कितीदा तरी स्वतःला सांगितलं. पण आधी फरशा दिसल्या की आधी दीपाली, ते मला आठवत नाही.

"नाही," मी म्हटलं. "काही नाही."

काकांनी चष्मा काढला. "मग मलाही नाही," ते म्हणाले, आणि गर्दीतून वाट काढत निघून गेले. लोक या वेळी बाजूला सरले.

दाखला मिळाला. त्याच संध्याकाळी मी मिहिकाचा पलंग बाहेरच्या खोलीत ओढला. दीपालीने कारण विचारलं, तर म्हटलं, आत डास फार आहेत.

फाल्गुनात चौबळ पतिपत्नी घर विकून अलिबागकडे बहिणीजवळ राहायला गेले. सामान चढत होतं तेव्हा मी जिन्यात उभी राहिले. काका धापा टाकत खाली आले, माझ्यापाशी थांबले.

"फुटलेली ठेवलीस का?"

मी होकारार्थी मान हलवली.

"ठेव." त्यांनी कठडा धरला. "मला त्या सभागृहातल्यांचा राग आला होता. वाटलं, तारीख मागे ढकलायला यांचं काय जातं, यांना कुठे या खांबाखाली झोपायचंय. पण तू तर झोपतेस, केतकी."

पुढे ते कधी भेटले नाहीत.

आता सहा वर्षं होऊन गेली. रेवती अपार्टमेंट उभी आहे. दर मार्गशीर्षात दीपालीचा फोन येतो, तन्वीचे मार्क सांगते, सासूबाईंचे गुडघे सांगते, आणि फोन ठेवण्यापूर्वी हटकून म्हणते, तू का गेलीस गं सोडून, सगळं नियमित झाल्यावर कुणी जातं का? मी म्हणते, मिहिकाच्या शाळेसाठी. जोराचा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी मी पेपर उघडण्याआधी तिला फोन लावते. काहीतरी निमित्त काढून, लोणच्याचं प्रमाण विचारते. ती म्हणते, तुला माझी आठवण पावसातच कशी येते?

दुसरी काच पुढच्या वर्षी गौरी बसल्या त्याच आठवड्यात फुटली होती. ती मी कुणालाच दाखवली नाही, प्रसन्नलाही नाही. काढली, डब्यात टाकली. तो डबा आजही माझ्या कपाटात वरच्या कप्प्यात आहे. फुटलेल्या दोन पट्ट्या, दोन्हींवर एकच तारीख.

मग आम्ही घर विकायला काढलं, ते लगेच गेलं. कागद स्वच्छ होते, दाखला होता, कायदा होता. घेणारे नवराबायको आमच्यापेक्षाही लहान होते. तिला सातवा महिना होता. शेवटच्या दिवशी किल्ल्या द्यायच्या म्हणून मी तिला रिकाम्या घरातून फिरवलं. आतल्या खोलीत तिने खांबावरच्या दोन पांढऱ्या डागांना बोट लावलं.

"हे काय होतं, ताई?"

"कॅलेंडर."

ती कोपऱ्यात उभी राहिली, एक हात पोटावर ठेवून, आणि दुसऱ्या हाताने तिथली जागा मापली. "पाळणा इथेच बसेल, नाही? खांबाला धरून."

"इथे नको," मी म्हटलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी समोरच्या भिंतीकडे हात केला, खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला. "तिकडे लाव. इथे सकाळचं ऊन थेट डोळ्यांवर येतं."

त्या कोपऱ्यात ऊन कधीच येत नसे.

"बरं झालं सांगितलंत," ती म्हणाली. "असं कोण सांगतं?"